शेवई तापत नाही

आमच्या लॅबमध्ये मला कुणी नावाने हाक मारत नाही, पंचताई म्हणतात. म्हणू देत. मोबाइलचे दोन प्रोसेसर शेजारी शेजारी मांडायचे, दोघांना तेच काम, तेवढीच वीज, तीच खोली द्यायची आणि कोण सरस ते सांगायचं, एवढं माझं काम. त्यात मी कुणाची मावशी नाही नि कुणाची सासू नाही. शिंचू शहरातल्या या टेक पार्कात माझे केस पांढरे झाले. साहेबांचे वटारलेले डोळे पाहिले, पोरांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, पण मोजलेला आकडा मी कधी बदलला नाही.

त्या वर्षी आमच्याच कंपनीतल्या दोन गटांनी दोन प्रोसेसर केले होते. कागदावर त्यांना लांबलचक नंबर होते, पण लॅबमध्ये एकाला गोळा म्हणायचे आणि दुसरीला शेवई. शिंचूत येऊन मांसाचे गोळे आणि तांदळाच्या शेवया न खाता कुणी परत जात नाही, नावं तिथूनच आली. शेवईला दुसरंही कारण होतं. ती पंगची होती, आणि पंगच्या घरी शेवयांचा कारखाना. लहानपणी तिथल्याच यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं होतं. "ताई, मी साडेनऊ बोटांनी चिप काढतो, बाकीचे दहा बोटांनी झक मारतात," असं म्हणायचा मेला. मेला म्हणायचे मी त्याला, लाडाने. आता तोंडातून निघून गेलं की माझी मलाच लाज वाटते. शेवईचा आराखडा चिपच्या कारखान्यात गेला, आणि चिप घडून परत यायच्या आत पंग गेला. झोपला तो उठलाच नाही.

त्याची बायको मेईछिन त्याच्याच गटात होती. तेराव्या-चौदाव्याचं काही आमच्यात नसतं, पण जे असतं ते आटोपून ती कामावर आली आणि त्याच्या खुर्चीत बसली. कुणी बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीला दोहोंपैकी एकच चिप हवी होती. जो गट हरेल त्याची माणसं इकडेतिकडे वाटून टाकणार आणि त्यांची चिप कपाटात जाणार, हे वरून ठरून आलेलं.

"ताई, त्याचं माझ्याजवळ दुसरं काही नाही हो," ती मला एकदा चहाच्या यंत्रापाशी म्हणाली. "मूल नाही. धड फोटोसुद्धा नाहीत, कॅमेरा दिसला की तोंड वाकडं करायचा. ही एकच वस्तू लोकांच्या खिशात जाणार होती."

"मग जाईल ना," मी म्हटलं, "पळाली तर."

पहिल्या चाचणीत शेवई पळाली, पण पंगसारखीच. सुरुवातीला अशी सुटली की गोळा बिचारा मागे धूळ खात राहिला. मग तापली. तापली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, नाहीतर जळून जाईल. तर शेवई तापली, दमली, आणि गोळा डुलत डुलत पुढे निघून गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मेईछिन स्क्रीनकडे बघत ओठ चावत होती. मी निकाल लिहायला घेणार तेवढ्यात ती ओरडली, "ताई, ही चाचणी धरता येणार नाही! पाकिटाची तारीख बघा!"

आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर एक हिरवं पाकीट ठेवतात. मक्याचा, खोबऱ्याच्या चवीचा लहान मुलांचा खाऊ. पाकिटावर नावच 'शहाणं बाळ' अशा अर्थाचं आहे, आणि ते जवळ असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं. फोडलेलं नको. आणि खायची मुदत संपलेली नको, नाहीतर यंत्र बिथरतं. हसू नका. जिथे एक दिवस यंत्र बंद पडलं तर कंपनीचं कंबरडं मोडतं, तिथे मोठमोठे डॉक्टरेटवाले गुपचूप तारखा तपासत फिरतात. मी बघितलं, तर शेवईच्या डोक्यावरच्या पाकिटाची मुदत खरंच उलटून गेली होती.

"बाद," मी म्हटलं. गोळ्याच्या गटातली पोरं कुरकुरली, पण नियम म्हणजे नियम. आमचे फान साहेब, लॅबचे मुख्य, त्यांनी मुकाट्याने सही केली.

तो आमच्या पंचांगातला सातवा महिना होता. या महिन्यात पलीकडचं दार उघडं असतं आणि भाऊमंडळी मोकळी फिरतात. कोण भाऊमंडळी ते मी सांगत नाही, तुम्हाला कळलं. आम्ही त्यांना दुसऱ्या नावाने पुकारत नाही. ज्यांचं कुणी असतं, त्यांचं पान घरी वाढलं जातं, देव्हाऱ्याशेजारी त्यांच्या नावाची पाटी असते, दोन वेळा उदबत्ती लागते. ज्यांचं कुणी नसतं, त्यांच्यासाठी मग कंपन्या, दुकानं आपापल्या दारात टेबलं मांडतात. आम्हीही पार्किंगमध्ये मांडली होती. भात, फळं, बिअर, नूडल्सची खोकी, खाऊची पाकिटं, हात धुवायला तस्त आणि कोरा टॉवेल. प्रत्येक पदार्थात एकेक पेटती उदबत्ती खोचायची, म्हणजे पाहुण्यांना कळतं की हे आपलं. उदबत्त्या विझल्या की त्यांचं जेवण झालं. मग ते सगळं आम्ही घरी नेऊन खातो, त्यात काही वाईट नाही.

हा सगळा महिना आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नाही, कारण नाव ऐकलं की कुणीतरी ते धरून मागे येतं. मीही मेईछिनला 'पोरी' म्हणत होते. फान साहेब मात्र मुद्दाम घसा फोडून नावं घ्यायचे. "मेईछिन! अगं मेईछिन! नवीन पाकिटं आणायची होती ना?"

"आणली साहेब, पण एकच मिळालं. सगळ्या दुकानांतली हिरवी संपलीत. लाल आणि पिवळी आहेत."

"पिवळं ठेवायचं नाही," मी ओरडले. "पिवळा दिवा म्हणजे यंत्र बिघडलं."

"एवढंसं तोंड करू नका दोघी," फान साहेब म्हणाले. थोड्या वेळाने ते एक हिरवं पाकीट घेऊन आले. कुठून आणलं ते आम्ही विचारलं नाही. एक गोळ्यावर चिकटवलं, दुसरं, त्यांनी आणलेलं, शेवईवर. पाकिटावर लिहायला पांढरी जागा असते. मेईछिनने मार्कर घेतला आणि लहान मुलीसारखं वळणदार अक्षर काढलं, 'शेवई, शहाणी राहा. तुझी, मेईछिन.'

चाचणी सुरू झाली. शेवई सुटली. मी तापमानाच्या आकड्याकडे बघत होते, आता चढेल, मग चढेल. तो चढेना. गोळा तापला, त्याने वेग कमी केला, आणि शेवई आपली पळतेच आहे. मग तिचा आकडा खाली यायला लागला. खोलीत जेवढी हवा गार, तेवढी ती गार झाली, आणि तिथे न थांबता आणखी खाली गेली.

"अगं बाई!" मी म्हटलं आणि तापमापक बदलला. तेच. विजेची तार बदलली. तेच. दोन्ही बोर्डांच्या जागा बदलल्या, शेवई उजवीकडे आणि गोळा डावीकडे. तेच. मी बोट लावून पाहिलं तर चिपवर बारीक दव धरलं होतं. कामाला जुंपलेला प्रोसेसर असा असूच शकत नाही. चूल पेटवली की कुणीतरी तापणारच, वीज खाल्ली की उष्णता बाहेर पडणारच. ती बाहेर पडत नव्हती तर जात कुठे होती?

फान साहेब मात्र नाचायचे बाकी होते. "गोळ्याची पार जिरली! पंग, बेट्या, जिंकलास रे!"

मेईछिन टाळ्या वाजवत होती. आमच्या लॅबमध्ये एसी इतका असतो की भर उन्हाळ्यात सगळे जाकीट घालून बसतात. तिने जाकीट काढून टाकलं होतं. कपाळावरून घामाच्या धारा, गाल लालबुंद.

"पोरी, बरं नाही का तुला?"

"आनंद झालाय ताई," ती म्हणाली. "किती छान ऊब वाटतेय."

मी चाचणी थांबवली. थोड्या वेळात तिचे गाल उतरले, तिने जाकीट पुन्हा घातलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा घाम. आता मी मोजणारी बाई आहे, मला एकदा संशय आला की मी तो सोडत नाही. "जा, काहीतरी खाऊन ये," म्हणून तिला कॅन्टीनमध्ये पाठवलं आणि ती गेल्यावर, तिला न सांगता, शेवई चालू केली. खालून कॅन्टीनवाल्या बाईंचा फोन आला. "अहो पंचताई, तुमची पोरगी इथे भट्टीसारखी तापलीय. बर्फाचा पेला कपाळाला लावून बसलीय आणि हसतेय. उचलून न्या बाई, मला भीती वाटते."

मी शेवई बंद केली. "आता?" मी विचारलं.

"आता... अगंबाई, आता गार लागतेय. पांघरूण मागतेय."

मी फोन ठेवून दिला. खोटं का सांगू, मला तेव्हा पळून जावंसं वाटलं.

ती वर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. फान साहेब म्हणत होते, लांब पल्ल्याची चाचणी आत्ताच लावा, दिवसभर चालू द्या, म्हणजे वर कळवून मोकळं होऊ. तीही म्हणाली, लावा. मी दोघांकडे दुर्लक्ष करून शेवईवरचं पाकीट उचललं. एका कोपऱ्यात बारीक भोक होतं, कडा करपलेल्या. उदबत्तीचं भोक.

"साहेब," मी म्हटलं, "हे पाकीट तुम्ही पार्किंगमधल्या टेबलावरून उचललंत?"

"मग काय झालं? उदबत्ती विझली होती. सगळे घरी नेतात की!"

"घरी नेऊन खातात. यंत्रावर राखण करायला बसवत नाहीत! पाहुण्याने तोंड लावलेलं पान तुम्ही कामाला ठेवलंत, आणि त्यावर या बयेने आपलं नाव लिहून ठेवलंय. सातव्या महिन्यात! आमंत्रणपत्रिकाच धाडली की!"

साहेब हसायला गेले, पण हसू काही फुटलं नाही. मेईछिन मात्र शांत होती.

"ताई, तुम्हाला वाटतं ते नाहीये," ती हळूच म्हणाली. "मला माहितीये कोण आहे ते. पंगच आहे. चाचणी सुरू झाली की मागून येऊन उजव्या खांद्यावर हात ठेवतो. त्याची सवयच होती ती. त्याचा हात असाच गरम असायचा. नका ना थांबवू."

"तुला भाजून काढतोय तो."

"भाजू दे."

नवऱ्याचा हात खांद्यावर आहे असं बाईला वाटतंय, आणि तो काढ म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून मी माझ्या कामाकडे वळले. चिप कुठे तापते ते बघायला आमच्याकडे एक कॅमेरा असतो. गार ते निळं, गरम ते पिवळं, फार गरम ते पांढरं. मी पाकीट परत शेवईवर ठेवलं, काम चालू केलं आणि कॅमेरा बोर्डावरून उचलून तिच्याकडे फिरवला. स्क्रीन तिच्यासमोर ठेवली.

शेवई काळीनिळी. मागची भिंत निळी. मेईछिन पिवळी, आणि तिच्या उजव्या खांद्यावर, सदऱ्यावर, पांढराफेक पंजा. मागे कुणी नव्हतं. नुसता पंजा. भुकेला माणूस वाटी धरतो तसा धरलेला, सुटू नये म्हणून. आम्ही बघत असताना त्याने पकड थोडी आवळली. फान साहेब भिंतीला टेकले.

"बघा ताई," मेईछिन रडत रडत हसली. "म्हटलं नव्हतं?"

"बोटं बघ," मी म्हटलं.

"काय?"

"पोरी, नीट बघ. एकेक बोट बघ."

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. अंगठा, तर्जनी, मधलं. अनामिकेवर येऊन तिचं बोट थांबलं. अनामिका पुरी होती. टोकापर्यंत, नखापर्यंत पुरी.

तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो मला अजून आठवतो. तिने मागे वळून बघितलं नाही, या महिन्यात तसं बघायचं नसतं, तेवढं भान तिला होतं. मान ताठ धरून ती पुटपुटली, "ताई, हा कोण आहे?"

"आपल्याकडे जेवून गेलेला कुणीतरी."

"हाकला ना त्याला! ताई, हाकला!"

"मी नाही हाकलू शकत. पाकिटावर नाव तुझं आहे. तू बोलावलंस, निरोपही तूच द्यायचा."

ती पाकिटाकडे बघत राहिली. बोर्डावर शेवई पळत होती, गोळ्याच्या कितीतरी पुढे, इतक्या पुढे की त्या स्पर्धेला काही अर्थच उरला नव्हता. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं. पाकीट तिथेच राहिलं तर पंगची चिप लोकांच्या खिशात जाणार होती.

"हे काढलं तर ती हरेल," ती म्हणाली.

"हरेल."

"तुम्ही निकाल बदलणार नाही."

"नाही."

तिने हात पुढे केला. स्क्रीनवर पंजाने तिचा खांदा असा दाबला की ती वाकली, आणि मला ओरडावंसं वाटलं. पण ती बाई शेवयांच्या घरातली सून होती, कढत वाफेत हात घालायची तिला सवय होती. तिने पाकीट उपटून काढलं.

आम्ही तिघं पार्किंगमध्ये गेलो. ऊन होतं. टेबलं कधीच उचलली होती, भाऊमंडळींसाठी कागदी नोटा जाळायचं पत्र्याचं पिंप तेवढं उरलं होतं. पाकीट मीही एकदा हातात घेतलं, ते नुकत्याच वाफवलेल्या भाताच्या मुटक्यासारखं ऊन ऊन लागलं. मेईछिनने नवी उदबत्ती लावली, दोन्ही हातांत धरली आणि वाकली.

"पाहुणे, जेवण झालं ना? माझी चूक झाली, मी तुम्हाला कामाला बसवलं. रागावू नका. आता निघा. माझं नाव मला परत द्या."

तिने मार्करने आपलं नाव खोडलं आणि पाकीट पिंपात टाकलं. फान साहेबांनी खिशातून काडेपेटी काढून दिली. पाकीट फुगलं, फाटलं आणि जळून गेलं. खोबऱ्याचा गोड वास सुटला. मेईछिनच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्या रणरणत्या उन्हात ती माझं जाकीट मागायला लागली. मी ते तिला घट्ट गुंडाळलं.

"निकालाचं काय?" साहेबांनी वर येताना विचारलं. "मी वर फोनवर सांगून बसलोय."

"चाचणी बाद. पाकिटाला भोक होतं."

"अहो, भोकाने कुठे चाचणी बाद होते?"

"तारीख उलटली म्हणून झाली होती, तेव्हा सही तुमचीच होती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः समुद्राकडच्या बाजारात जाऊन दोन हिरवी पाकिटं आणली. ताजी, धड, एकाच खोक्यातली. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. खोलीत मी आणि मेईछिन दोघीच होतो. मी दोन्ही चालू केले.

शेवई सुटली. गोळा मागे पडला. मग शेवई तापायला लागली, आकडा चढत गेला, चढत गेला. मेईछिनने शेवईच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं?"

"हो," ती म्हणाली. "चांगलीच तापलीय." आणि तिला हसू आलं. "तो असाच होता ताई. आधी जीव तोडून पळायचं, मग धापा टाकत बसायचं. किती वेळा सांगितलं, हळू रे, जरा हळू. ऐकायचाच नाही."

मग तिला रडू फुटलं. मी रडू दिलं. शेवई दमली, गोळा शांतपणे पुढे निघून गेला, आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. मी निकाल लिहिला. माझं अक्षर नेहमी सरळ असतं, त्या दिवशी नव्हतं.

बोर्डाची वीज काढणार तेवढ्यात तिने माझा दंड धरला. "ताई, एकदाच. तो कॅमेरा माझ्याकडे फिरवा ना."

"कशाला?"

"फिरवा ना. मी डोळे मिटते. तुम्हीच बघा आणि सांगा."

ती पाठमोरी बसली, डोळे मिटून, ताठ, शाळेत फोटोला बसवतात तशी. मी कॅमेरा फिरवला. खुर्ची निळी, भिंत निळी, तिचे खांदे फिकट पिवळे, कुठल्याही धडधाकट माणसाचे असतात तसे. मी उजवा खांदा बघितला, डावा बघितला, डोक्यावरून बघितलं. अर्ध्या बोटाएवढीसुद्धा खूण सापडावी म्हणून मी त्या स्क्रीनवर डोळे रोवून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आकडा बदलावासा वाटत होता. आहे म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"ताई? आहे?"

"नाही गं," मी म्हटलं. "कुणी नाही."

मी काय करून बसले, असं मला झालं. मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि डोळे उघडले.

"म्हणजे भटकत नाहीये," ती म्हणाली. "घरी आहे."

तिने माझं जाकीट काढून घडी केली, माझ्या खुर्चीवर ठेवलं आणि पिशवी उचलली. त्याच्या पाटीपुढची संध्याकाळची उदबत्ती सासूबाईंच्या आधी आपण लावायची, असं म्हणत ती निघाली.